ओकमॉन्टची झाडं

अमेरिकेतल्या पिट्सबर्गजवळचा ओकमॉन्ट कंट्री क्लब हा गोल्फचा क्लब १९०३ साली हेन्री फाउन्स यांनी काढला. पोलादाच्या धंद्यात त्यांनी बक्कळ कमावलं होतं. मैदानाची आखणीही त्यांनीच केली. जागा शेतजमिनीची, उघडीबोडकी. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर असतं तसं मोकळं मैदान त्यांना हवं होतं, आणि सोपं तर मुळीच नको होतं. मुलगा विल्यम हा १९१०चा अमेरिकेच्या हौशी गोल्फ स्पर्धेचा विजेता, आणि बापापेक्षा कडक. फटका चुकला की किंमत मोजायलाच हवी, हा त्याचा खाक्या. बंकरमधल्या (मैदानात मुद्दाम केलेल्या खड्ड्यांमधल्या) वाळूत जड दंताळं ओढून खोल सऱ्या पाडत. चेंडू सरीत बसला की तो कसाबसा बाहेर काढणं एवढंच खेळाडूच्या हाती उरे.

ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. तिच्यावर चेंडू ज्या वेगाने धावे, त्याचा तर धसकाच. १९३५ साली इथे झालेल्या यूएस ओपन या अमेरिकेच्या मोठ्या गोल्फ स्पर्धेत जीन साराझन या खेळाडूचा पट (भोकाकडे हलकेच मारलेला चेंडू) ग्रीनवरून घरंगळत बंकरमध्ये गेला. ते पाहणाऱ्या एडवर्ड स्टिम्पसन यांनी वेग मोजायला लाकडाचं साधं साधन बनवलं. त्याचीच सुधारित आवृत्ती आज जगभर स्टिम्पमीटर म्हणून वापरतात.

फाउन्स मंडळींचा काळ सरला आणि पुढच्या कारभाऱ्यांना हे मैदान रुक्ष वाटू लागलं. १९६०च्या दशकात क्लबने झाडं लावायचा सपाटा लावला. हजारो झाडं! १९९४च्या यूएस ओपनपर्यंत फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या गवताच्या पट्ट्याच्या, दोन्ही बाजूंना झाडांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. दिसायला छानच, पण सावलीत गवत धड वाढेना, मुळं पाणी ओढून घेत, वारा अडे.

झाडं काढायची म्हटली तर सभासद पेटून उठणार, हे उघड होतं. म्हणून १९९०च्या दशकात काहीच न सांगता काम सुरू झालं. कर्मचारी उजाडायच्या आत दिव्यांच्या उजेडात झाड पाडत, लाकूड हलवत, भुसा गोळा करत आणि खड्ड्यावर हिरवळीचा तुकडा बसवत. सकाळी खेळायला येणाऱ्याला काही कळायचं नाही. बरेच दिवस हे खपलं. मग बिंग फुटलं आणि क्लबात चांगलीच जुंपली. सभासदांच्या पाठीमागे हे करणं मला पटत नाही, पण परवानगी मागितली असती तर एक फांदीही हलली नसती, हेही खरं. २००७च्या यूएस ओपनपर्यंत मैदानाच्या आतली जवळपास सगळी झाडं गेली होती.

मैदान पूर्ववत करायचं उरलेलं काम २०२३ साली गोल्फ मैदानांचे आखणीकार गिल हान्स यांनी केलं. गवत कापता कापता वर्षानुवर्षं आत सरकलेल्या ग्रीनच्या कडा त्यांनी जुनी छायाचित्रं पाहून पुन्हा बाहेर नेल्या, बंकर नव्याने बांधले. वाळूतल्या सऱ्या मात्र परत आल्या नाहीत. आजच्या व्यावसायिकांनी त्या चालवूनही घेतल्या नसत्या. त्यांच्याविनाही २०२५च्या यूएस ओपनमध्ये चार दिवसांअखेर पारच्या, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांच्या, आत राहिला तो एकटा विजेता जे. जे. स्पॉन, आणि तोही एकाच फटक्याने.