मेंढपाळांना वनात चराईचा हक्क नाही? खुलासा

सिन्नर, नांदगाव, येवल्याकडच्या धनगर वाड्यांना (मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांच्या तळांना) वर्षानुवर्षे एकच गोष्ट ऐकवली जाते: वनहक्क कायदा फक्त आदिवासींचा, आणि फिरस्त्याला तर हक्कच नाही. दोन्ही चूक.

2006 च्या कायद्याच्या कलम 3(1)(घ) मध्ये चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. धनगर अनुसूचित जमातीत नसल्याने ते 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करतात. अट कडक आहे: 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे वनाशी 75 वर्षांचा संबंध.

दावा बिघडतो तो बहुधा अर्जातच. नमुना 'अ' वैयक्तिक जमिनीचा. चराईसाठी नमुना 'ब' भरायचा, ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा आणि पोच घ्यायचीच. एकच पुरावा पुरत नाही. मेंढ्यांचे पाणवठे, जुनी चराईची रानं, दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, असं सगळं जोडावं.

वाडा बाहेरगावी असताना दाव्याची पडताळणी उरकली जाते, हा खरा अन्याय. या कायद्याखालच्या नियमांतल्या नियम 12 प्रमाणे ती पशुपालक हजर असतानाच व्हायला हवी; म्हणून गावात असण्याचे महिने अर्जातच लिहा. ग्रामसभेचा ठराव विरोधात गेला तर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते.