दू फू आणि बाय जूयी: शिकवण एकच, कळवळा मात्र वेगळा

थांग काळातल्या चिनी कविता वाचताना दू फू (712–770) आणि बाय जूयी (772–846) यांची गल्लत सहज होते. दोघेही उपाशी शेतकऱ्यांवर, सक्तीच्या सैन्यभरतीवर लिहितात. दोघेही कन्फ्यूशियसच्या शिकवणीत वाढलेले. दोघांनी दरबारात पदही एकच सांभाळलं, सम्राटाला त्याच्या चुका दाखवून देण्याचं. राजाची चूक राजाला सांगणं ही त्या परंपरेत राजनिष्ठाच होती.

तरीही या दोघांच्या कविता शेजारी ठेवून वाचल्या, की कळवळा दोन वेगळ्या वाटांनी येताना दिसतो.

बाय जूयी अधिकारी म्हणून बोलतो. 809 च्या सुमारास पदावर असताना त्याने पन्नास कवितांची एक मालिका लिहिली आणि प्रत्येकीवर तिचा हेतू एका ओळीत नोंदवला. कोळसा विकणाऱ्या म्हाताऱ्याची कविता त्यातलीच. अंगावर पातळ कपडे, पण कोळशाला भाव यावा म्हणून तो थंडी वाढण्याची वाट बघतो. राजवाड्याची माणसं येऊन गाडीभर कोळसा नेतात आणि मोबदला म्हणून बैलाच्या डोक्याला थोडं रेशमी कापड बांधतात. वर हेतू लिहिलाय: राजवाड्याच्या खरेदीने होणारा जाच. ही कविता म्हणजे सम्राटापुढे ठेवलेली फिर्याद आहे. भाषा सोपी, कारण तक्रार पोचली पाहिजे. गव्हाच्या कापणीवरच्या कवितेत तो स्वतःकडेही बघतो: शेतात न राबता मला पगाराचं धान्य मिळतं, वर्षअखेरीला उरतंही. ही पोट भरलेल्या माणसाची लाज आहे आणि ती प्रामाणिक आहे.

दू फूकडे दुःख आधी घरात शिरतं. 755 च्या हिवाळ्यात तो राजधानी छांगआनहून फंगश्येनला कुटुंबाकडे निघाला. लाल दारांमागे मद्य-मांसाचा दर्प आणि रस्त्यावर थंडीने मेलेल्यांची हाडं, ही त्याची प्रसिद्ध ओळ याच प्रवासातली. पण मला त्याहून मोठा वाटतो तो कवितेचा शेवट. घरी पोचतो तर आक्रोश चाललेला: धाकटं मूल उपासमारीने गेलेलं. आणि तिथे तो म्हणतो, मला कर नाही, सैन्यभरती नाही, तरी माझी ही गत. मग साध्या माणसांचं काय होत असेल? जमीन गमावलेले आणि दूर सीमेवरचे शिपाई त्याला आठवतात. आपल्या वडीलधाऱ्यांविषयीचा आदर इतरांच्या वडीलधाऱ्यांपर्यंत न्यावा, असं कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या मेन्शियस या विचारवंताने सांगितलं होतं. दू फूने शोकसुद्धा तसाच पुढे नेला.

मेन्शियसचंच दुसरं वचन इथे कामाचं आहे: वाईट दिवस आले तर स्वतःला सांभाळ, चांगले आले तर जगाचं भलं कर. 815 मध्ये पदावनती होऊन च्यांगचौला गेलेल्या बाय जूयीने युआन चन् या मित्राला लिहिलेल्या पत्रात हेच वचन आधाराला घेतलं. पुढे त्याच्या कवितेत निवांतपणा वाढत गेला. त्याला मी पळ म्हणणार नाही. परंपरेने ती मुभा दिलीच होती. याच पत्रात, दू फूच्या हजाराहून अधिक कवितांत लोकांच्या हालांवरच्या जेमतेम तीस-चाळीस, अशीही त्याची तक्रार आहे. मला ही मोजणी पटत नाही, कारण दू फूने ती मुभा कधी घेतलीच नाही. एका बडतर्फ मंत्र्याची बाजू घेतल्यावर 758 मध्ये त्यालाही राजधानीबाहेर धाडलं होतं. पुढच्याच वर्षी प्रवासात तो शीहाओ गावी मुक्कामाला राहिला. रात्री भरतीचा अंमलदार आला. म्हातारा भिंतीवरून उडी मारून पळाला आणि त्याची बायको स्वतःहून छावणीत स्वयंपाकाला निघाली. या प्रसंगावरच्या कवितेवर हेतूची ओळ नाही, दू फूचं एक शब्दाचं भाष्य नाही. पहाटे तो निरोप घेतो, एकट्या म्हाताऱ्याचा.