खाज कोणत्या तारखेला सुरू होते?

पाळीच्या आगेमागे खाली खाज सुटते, आग होते, चार-सहा दिवसांत आपसूक ओसरते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा हजर. अशी तक्रार घेऊन गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "अंगावरून पांढरं जातं का?" विचारायलाच हवा, पण त्याहून जास्त सांगून जातो तो दुसरा प्रश्न. खाज नेमकी कधी सुरू होते? सलग तीन पाळ्या कॅलेंडरवर फक्त दोन खुणा करा, एक रक्तस्राव सुरू झाल्याची आणि एक खाज सुरू झाल्याची. दोहोंतलं अंतर दर वेळी जवळपास सारखं निघालं, तर दुखणं कुठल्या गटातलं असेल याचा चांगला अंदाज येतो.

तारखेला एवढं महत्त्व का, ते योनिमार्गाच्या आंबटपणात दडलंय. निरोगी योनिमार्गाचा पीएच (आंबटपणाचं माप; ७ म्हणजे उदासीन, त्याहून कमी तितकं आंबट) साधारण ३.८ ते ४.५ असतो. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे अस्तरात ग्लायकोजेन (साठवणीची साखर) साठतं आणि त्याच्या जोरावर लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल बनवत राहतात. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ अल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ साली या जिवाणूंचं वर्णन केलं. (दह्यातले जिवाणू यांचेच भाऊबंद, पण जात वेगळी. दही खा खुशाल, आत लावू नका.) रक्ताचा पीएच मात्र ७.४च्या आसपास. पाळी सुरू झाली की ही आंबट जागा चार-पाच दिवस जवळजवळ उदासीन होते. त्यामुळे आंबटपणात तग धरणारे आणि आंबटपणा गेल्यावर माजणारे यांचे दिवस वेगवेगळे पडतात.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात खाज वाढते आणि रक्तस्राव सुरू झाला की हायसं वाटतं, असं असेल तर पहिला संशय कॅन्डिडा या बुरशीवर. स्राव असलाच तर फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा, वास जवळपास नाही. खाजवून सोलवटलेल्या कातडीवरून लघवी गेली की चरचरतं, आणि मग लघवीचं इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक सुरू होतं. त्याने लॅक्टोबॅसिलस मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं.

याच दिवसांत, अगदी असाच त्रास देणारं एक कमी ओळखीचं दुखणं आहे, सायटोलिटिक व्हजायनोसिस. त्यात बुरशी नसतेच, लॅक्टोबॅसिलसच वाजवीपेक्षा जास्त वाढून अस्तराच्या पेशी फुटत असतात. बुरशीच्या औषधाने तसूभर फरक पडत नाही. इथे टबात बूड बुडेल एवढ्या कोमट पाण्यात दोन ते चार मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून १५ मिनिटं बसायला सांगतात. पण तपासणीत हेच ठरलं असेल तरच. आंबटपणा आधीच गेलेला असताना सोडा म्हणजे आगीत तेल.

उलट रक्तस्राव चालू असताना किंवा थांबता थांबता त्रास सुरू होत असेल, तर आंबटपणा गेल्यावर वाढणाऱ्यांकडे बघायचं. पातळ, करडट-पांढरा स्राव आणि माशासारखा वास, तोही संबंधानंतर जास्त, हे बॅक्टेरियल व्हजायनोसिसचं लक्षण. यात खाज बेताचीच असते. फेसाळ, पिवळट-हिरवा स्राव आणि भरपूर खाज असेल तर ट्रायकोमोनास, हा संबंधातून पसरणारा परजीवी. त्यात नवऱ्याने किंवा जोडीदारानेही त्याच वेळी औषध घ्यायचं असतं. त्याला काही त्रास नाही म्हणून तो राहून जातो आणि दुखणं परत येतं.

तिसरा प्रकार संसर्गाचा नाहीच. पॅड वापरायला लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज, ती फक्त बाहेर, आणि पॅड बंद झाल्यावर काही दिवसांत बरी. हातात आरसा धरून बघा. लाली पॅडच्या आकाराचीच असते, जांघेत जिथे कडा आणि पंख घासतात तिथे दोन्ही बाजूंना पट्टा. कारण सुगंध असेल, वरचा प्लॅस्टिकसारखा थर असेल, नाहीतर नुसता घाम आणि काचणं. बिनवासाचं, सुती पृष्ठभागाचं पॅड घ्या, ते चार ते सहा तासांनी बदला आणि जांघेत आधीच पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. दोन पाळ्यांत फरक पडायला हवा.

खात्री मात्र काचपट्टीवरच होते, आणि ही तपासणी महागडी नाही. स्रावाचा एक ठिपका सलाइनमध्ये, एक १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, आणि वर सूक्ष्मदर्शक. बुरशी असेल तर फांद्या फुटलेले धागे दिसतात. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये पेशीच्या कडेला इतके जिवाणू चिकटतात की ती रव्यात घोळवलेल्या सुरमईच्या तुकडीसारखी दिसते. ट्रायकोमोनास झटके देत पोहताना सापडतो. ही पट्टी न बघता केलेल्या अंदाजाचं काय होतं? अमेरिकेत दुकानातून स्वतःहून बुरशीचं औषध घेणाऱ्या ९५ बायकांची तपासणी झाली (निष्कर्ष २००२ साली छापून आले), तेव्हा निव्वळ बुरशी जेमतेम एक तृतीयांश जणींत निघाली.

आपल्याकडे त्याहून वाईट सवय म्हणजे मेडिकलमधून आणलेली 'खाजेची ट्यूब'. तिच्यात बऱ्याचदा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टिरॉइड एकत्र असतं. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी खालून पसरते, जांघेतला नायटा ओळखू येईनासा होतो आणि कातडी पातळ पडते. तुरटीचं पाणी, डेटॉल, आतून साबणाने धुणं हेही बंद. साबण अल्कधर्मी, म्हणजे आंबटपणा मारणारा असतो. बाहेरून नुसतं पाणी पुरतं आणि आतली जागा स्वतःची सफाई स्वतः करते.

कॅन्डिडा नक्की झाला तर क्लोट्रिमॅझोलची १०० मिलिग्रॅमची गोळी सहा-सात रात्री झोपताना योनीत खोलवर ठेवतात, किंवा फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम एकदा तोंडाने. आत ठेवायची गोळी भर रक्तस्रावात सुरू केली तर औषध वाहून जातं. खाज तिसऱ्या रात्री थांबली तरी कोर्स पुरा करा. तेलकट क्रीमने कंडोम कमकुवत होतो. गरोदरपणी फ्लुकोनॅझोल नको, आत ठेवायच्या गोळ्याच, त्याही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या दवाखान्यात) योनिस्रावासाठी हिरवं किट मोफत मिळतं. त्यात सेक्निडॅझोल (बॅक्टेरियल व्हजायनोसिस आणि ट्रायकोमोनासवरचं औषध) २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम असतं.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा बुरशी झाली तर एका गोळीवर भागत नाही. कल्चर करून (स्रावातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघून) पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी फ्लुकोनॅझोल, मग आठवड्याला एक, असं सहा महिने देतात. या पद्धतीच्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांअखेर १०० पैकी ९० जणी बऱ्या होत्या, पण औषध थांबवल्यावर आणखी सहा महिन्यांनी ४३च. म्हणून कारण शोधायचं. रक्तातली साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासून घ्या. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तसं सांगा. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि तीच बुरशीला पोसते. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टर पर्याय बघतील.

कापड वापरत असाल तर ते कुणाला दिसू नये म्हणून साडीखाली वाळत घालणं, हीच खरी अडचण. पावसाळ्यात तर ते दोन दोन दिवस दमट राहतं. ऊन नसेल तेव्हा गरम इस्त्री फिरवून पूर्ण कोरडं करा. मेन्स्ट्रुअल कप दर पाळीच्या आधी पाच ते दहा मिनिटं उकळा.

पाळी कायमची थांबल्यावरची खाज वेगळी. तिथे कॅलेंडर काही सांगत नाही. कोरडेपणा असेल तर इस्ट्रोजेनच्या क्रीमने बरं वाटतं. पण कातडी पांढुरकी, कागदासारखी चुरगळलेली दिसत असेल, चिरा किंवा न भरणारी जखम असेल, तर मलम बदलत बसू नका. तिथला छोटा तुकडा काढून तपासावा लागतो.