अंगणातली चूल, देवलापारचा रस्ता आणि नागपूरकडची बंद झालेली शिकार

आमच्या घरी आजही मटण गॅसवर शिजत नाही. मागच्या अंगणात तीन विटांची चूल आहे, तिचा गंज म्हणजे पातेलं वेगळं, पळी वेगळी, आणि शिजवायचं काम पुरुषांचं, बायका फक्त मसाला वाटून देतात. लग्न होऊन बायको घरात आली तेव्हा तिनं विचारलं होतं, काहून असं? मला तेव्हा "आधीपासून असंच आहे" याच्यापुढं काही सांगता आलं नाही. मग आजीला, मोठे बाबांना म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाला विचारत विचारत थोडं थोडं जमा करत गेलो तेव्हा समजलं की ही चूल शिकारीची आहे. आजोबांकडं लायसन्सची भरमार बंदूक होती, जंगलातलं मांस आजी घरातल्या चुलीला लागू द्यायची नाही, म्हणून मग आणणाऱ्यानंच बाहेर शिजवायचं असा तोडगा निघाला. शिकार बंद होऊन पन्नास वर्षं झाली, चूल तिथंच आहे. ही चूल कुठून आली ते नीट समजून घ्यायचं तर नागपूरच्या रस्त्यांपासून सुरुवात करावी लागते.

नागपुरातून कुठल्याही बाजूला निघा, तास दीड तासात जंगल लागतंच. उत्तरेला कन्हान, मनसर, देवलापार करत खवासा आणि पुढं शिवनी, दक्षिणेला उमरेड, भिवापूर, नागभीड, पूर्वेला भंडाऱ्यावरून साकोली, पश्चिमेला कोंढाळी. आणि एक गोष्ट आजच्या पोरांच्या लक्षात येत नाही की १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हापासून नागपूर राजधानी, आणि १९५६ पर्यंत ती राजधानीच होती, म्हणजे शिवनी, बालाघाट, छिंदवाडा, मंडला हे सगळं आपल्याच राज्यातलं जंगल. इंग्रज साहेब लोकांचा नाताळाचा कॅम्प, मचाण, हाका म्हणजे आरडाओरडा करून जनावर शिकाऱ्याकडं हाकणं, हे सगळं याच रस्त्यांवरून चालायचं. वाटेवर डाक बंगले आणि फॉरेस्टचे रेस्ट हाऊस, तिथले खानसामे. साहेबाची गाडी येताना दिसली की गावातली कोंबडी पकडायची आणि तासाभरात रस्सा तयार. आपल्याकडच्या ढाब्यावरचा पातळ झणझणीत गावरान कोंबडीचा रस्सा हा मला तरी त्या खानसाम्याचाच वारस वाटतो.

पण शिकार काही साहेबांनी आणली नाही. गोंडांच्या गावात ती आधीपासून होती, हे शहरच मुळात १७०२ मध्ये बख्त बुलंद शहा या गोंड राजानं वसवलं. धनुष्य, जाळी, कुत्रे, आणि उन्हाळ्यात सगळ्या गावानं मिळून केलेला हाका. फासेपारधी फांदे म्हणजे फासे लावून तितर, लावरी असले पक्षी पकडायचे आणि आठवडी बाजारात जिवंत विकायचे. मग १८७१ ला अख्ख्या जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार धरणारा गुन्हेगार जमातींचा कायदा आला, १८७८ ला जंगल कायदा आणि त्याच वर्षी शस्त्र कायदा. म्हणजे ज्याच्या घराच्या मागं जंगल होतं तो त्याच जंगलात चोर ठरला, आणि ज्याच्याकडं लायसन्स आणि परमिट तो शिकारी. हा अन्याय मोठा होता आणि त्याची भरपाई पुढंही कोणी केली नाही, फासेपारध्यांवरचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून गेला, लोकांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर खरी धूळधाण झाली. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या जीपा स्वस्तात विकायला निघाल्या, पिकाच्या राखणीसाठी म्हणून बंदुकीची लायसन्सं वाटली गेली, आणि रात्री जीपवर सर्चलाईट लावून रस्त्याच्या कडेनं जायचं, डोळे चमकले की बार. मोठे बाबा लहानपणी एकदा आजोबांसोबत देवलापारच्या पुढं अशा जीपमध्ये बसले होते, ते सांगतात की एका वळणावर चितळांचा कळप लाईटमध्ये नुसता उभा राहिला, पळालाच नाही, उजेडानं त्यांना हलताच येईना, आणि आजोबांनी बंदूक उचललीच नाही. जुन्या लोकांत एक नियम होता की पायी जाऊन, माग काढून मारायचं, मादी आणि पिल्लं सोडायची. जीपवाल्यांनी तो मोडला. त्याच काळात मध्य भारतात परदेशी पाहुण्यांना वाघ मारायला नेणाऱ्या शिकार कंपन्या होत्या, जंगलाचे शूटिंग ब्लॉक पाडलेले, ठरावीक दिवसांसाठी परमिट मिळायचं.

आता स्वयंपाक. आजोबांच्या गावाकडं हाक्यात जनावर मिळालं की पळसाच्या पानांवर वाटे पडायचे, जेवढी घरं तेवढे वाटे, हाक्याला न आलेल्या विधवेच्या घरीसुद्धा एक. आजही गावात पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, बोकड पडतो आणि हिस्से लावतात ती पद्धत थेट तिथून आलेली आहे, तराजू नाही, डोळ्यानं अंदाज घेऊन सारखे ढीग. मांस उरलं तर हळद-मीठ लावून लांब पट्ट्या दोरीवर वाळवायच्या, फ्रिज कुठं होता.

जंगलातल्या मांसाला चरबी कमी, दोरा जाड आणि वास उग्र. त्यामुळं ते तुपातल्या सौम्य मसाल्यात शिजतच नाही, त्याला जवसाचं तेल लागतं, भाजून काळा केलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस, दगडफूल, मिरे, लवंग, आणि मुख्य म्हणजे वेळ, दोन दोन तास लाकडाच्या मंद जाळावर. मिरची भिवापूरची. ती उमरेडच्या पुढं त्याच जंगलाच्या रस्त्यावर पिकते, आता तिला जीआय मानांकनही आहे. रस्सा पातळ ठेवायचा कारण खाणारी तोंडं जास्त, आणि वर तर्री म्हणजे तिखट लाल तेलाचा थर यायला पाहिजे, तर्री नसली तर आमच्याकडं त्याला वरण म्हणतात. सोबत ज्वारीची भाकर नाहीतर उलट्या मडक्यावर टाकलेली लांब रोटी. पावसाळ्यात जंगलातनंच आलेलं बाकीचं, सात्या म्हणजे रानातली अळंबी, काटवल, तरोट्याची भाजी, तिकडं ब्रह्मपुरी-गडचिरोलीकडं वास्ते म्हणजे बांबूचे कोंब. सात्यांना तर मटणाचाच मसाला लावतात, आणि ज्यानं खाल्ल्या त्याला विचारा.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे कारण लोक हल्ली सरसकट बोलतात की सावजी म्हणजे शिकारीचं जेवण. तसं नाही. सावजी हे हलबा कोष्टी समाजाचं, विणकरांच्या घरचं जेवण, इतवारी, गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावली या भागातलं. १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरण्या वाढल्या, हातमाग मागं पडत गेला, पुढं गिरण्याही अडचणीत आल्या, आणि घरातल्या बायकांच्या हातच्या मसाल्यावर खानावळी उभ्या राहिल्या. हे श्रेय त्या बायकांचं आहे, ते शिकाऱ्यांच्या नावावर टाकू नये. दोन्ही चुलींवर मसाला सारखा का, तर तेल, ज्वारी, मिरची आणि बाजार सारखा होता म्हणून, मला तरी एवढंच कारण पटतं. आणि त्याच तर्रीत बेसनाच्या वड्या सोडून पाटोडी रस्सा होतोच ना, तिथं तर मांसाचा संबंधही नाही.

मग शिकार थांबली. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ च्या मोजणीत सगळ्या देशात १८२७ वाघ निघाले, त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ ला प्रोजेक्ट टायगर. पण १९७२ च्या कायद्यात लहान शिकारीला लायसन्सची वाट ठेवलेली होती, ती १९९१ च्या दुरुस्तीनं बंद झाली. आजोबांनी बंदूक त्याच्या कितीतरी आधी पोलिसांत जमा केली होती. घरात ससा, तितर येणं बंद झालं, मग गावरान कोंबडी, मग बोकड, नंतर ब्रॉयलर. ब्रॉयलरला दोन तास शिजवलं तर त्याचा लगदा होतो, म्हणून मोठे बाबा अजून त्याला अंगणातल्या चुलीवर चढवत नाहीत, ते घरात गॅसवर. चुलीचा मान फक्त बोकडाला.

आजचा प्रश्न वेगळा आहे. रामटेक, उमरेड, भिवापूर, कुठल्याही वावरात जा, रानडुकरानं रात्रीतून हरभरा, तूर, भुईमूग उकरून टाकलेला दिसतो. कायद्याच्या कलम ११ खाली परवानगी काढून पीक खाणारं डुक्कर मारता येतं, पण मेलेलं जनावर सरकारचं, ते खाता येत नाही, आणि परवानगीचा कागद येईपर्यंत पीक संपलेलं असतं. म्हणून काही लोक कुंपणाच्या तारेत चोरून करंट सोडतात. त्या तारेला डुक्कर चिकटतं, तसा वाघही चिकटतो, आणि कधी शेजारच्या वावरातला माणूसही. हे मला फार लागतं, कारण आजोबांच्या पिढीत निदान समोर काय आहे ते पाहून बोट ट्रिगरवर जायचं, तार काहीच पाहत नाही. शेतकऱ्याला वेळेवर पूर्ण भरपाई आणि सोलरचं कुंपण मिळालं तर ही तार निघेल, नुसत्या शिक्षेच्या धाकानं निघणार नाही असं माझं ठाम मत आहे.

आणि रस्ता. तो देवलापारचा जुना रस्ता आता चार पदरी एनएच ४४ आहे, पेंचच्या वाघांच्या जंगलातून जातो. रुंदीकरणावरून बरीच वर्षं कोर्टकचेरी झाली आणि शेवटी आपल्या हद्दीतल्या साधारण १६ किलोमीटरमध्ये जनावरांना खालून जायला नऊ जागा सोडल्या, त्यातली सगळ्यात लांब ७५० मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेनं तिथं कॅमेरे लावले तर त्यात वाघ, रानकुत्रे, चितळ, सगळे खालून जाताना सापडले.

मागच्या हिवाळ्यात आम्ही डबा पार्टीला त्या बाजूला गेलो होतो. मटण पहाटेच अंगणात शिजवून डब्यात भरलेलं, भाकरी फडक्यात बांधलेल्या. संध्याकाळी परत येताना अंधार पडला, त्या उंच पुलावरून जात होतो, मोठे बाबा पुढच्या सीटवर होते, म्हणाले जरा हळू घे. मी हळू केली. कडेला साउंड बॅरियरची भिंत असते, खालचं काहीच दिसत नाही. ते तरी खिडकीतून बघत राहिले, आणि म्हणाले, वळण इथंच कुठंतरी होतं रे.