फ्रंट स्ट्रीट, डॉज सिटी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅन्सस राज्यात, आर्कॅन्सॉ नदीच्या उत्तरेस वसलेल्या डॉज सिटीचा जुना मुख्य रस्ता. ॲचिसन, टोपीका अँड सँता फे लोहमार्ग सप्टेंबर 1872 मध्ये येथे पोहोचला. या लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या ओळींना फ्रंट स्ट्रीट हेच नाव असल्याने जुन्या लेखनात कोणती बाजू अभिप्रेत आहे, हे संदर्भावरून ठरवावे लागते.

वस्तीच्या आरंभाविषयी एकमत नाही. काही लेखक हेन्री सिटलरच्या 1871 मधील मातीच्या ढेपांच्या घरापासून, तर इतर जॉर्ज हूव्हरने जून 1872 मध्ये सुरू केलेल्या व्हिस्कीविक्रीपासून गणना करतात. जवळच्या फोर्ट डॉज या किल्ल्याच्या लष्करी हद्दीत मद्याला बंदी असल्याने हे दुकान किल्ल्यापासून सुमारे 8 किमी. पश्चिमेस थाटले गेले. बाजारपेठ म्हणून विचार करता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. गावाला किल्ल्यावरून मिळालेल्या ‘डॉज’ या नावाचाही वाद आहे. 1872 मध्ये किल्ल्याचा प्रमुख असलेल्या रिचर्ड डॉज याच्याशी ते जोडले जाते. तथापि किल्ला 1865 मध्येच उभारला गेला असल्याने, त्या वेळी त्या प्रदेशातील सैन्याचा सेनापती असलेल्या ग्रेनव्हिल डॉज याचे नाव मूळ मानणे बहुधा योग्य ठरेल.

प्रथम बायसनची (अमेरिकी रानबैलाची) कातडी आणि साधारणतः 1875–76 पासून टेक्ससहून हाकत आणलेली गुरे हा येथील मुख्य व्यापार होता. रुळांच्या उत्तरेस पिस्तूल बाळगण्यास मनाई होती. ती किती काटेकोरपणे पाळली जाई, याविषयी वर्णने भिन्न आहेत. रॉबर्ट डिक्स्ट्रा या इतिहासकाराने 1870–85 या काळात डॉज सिटीसह कॅन्ससमधील पाच गुरेबाजारांच्या गावांत मिळून 45 मनुष्यवध मोजले व हिंसाचाराची ख्याती अतिरंजित ठरवली. लोकसंख्या फारच थोडी असल्याने दरडोई प्रमाण मात्र मोठे येते, हा त्यावरील आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही.

गोचिडांमुळे गुरांत पसरणाऱ्या टेक्सस तापाच्या भीतीने 1885 मध्ये राज्याने टेक्ससच्या गुरांना बंदी केली आणि त्याच वर्षीच्या आगीत लाँग ब्रँच सलून या प्रसिद्ध मद्यगृहासह बऱ्याच लाकडी इमारती जळाल्या. मूळ जागेवरील उरलेल्या जुन्या इमारती 1970 च्या सुमारास नगरनवीकरणात पाडण्यात आल्या. डॉज सिटीतील बूट हिल संग्रहालयातील दुकानांची ओळ ही त्यापूर्वी उभारलेली प्रतिकृती आहे.