कुत्र्याच्या केसाने पोटात गाठ होत नाही

मुरबाड-शहापूरच्या पाड्यांपासून दिव्याच्या चाळींपर्यंत एक समज पक्का आहे: कुत्र्याचा केस पोटात गेला की त्याभोवती पाण्याची गाठ धरते. गाठ खरी, कारण चुकीचं.

ती हायडॅटिड गाठ. मूळ एकायनोकोकस नावाचा फीतकृमी, लांबी जेमतेम 3 ते 6 मिलिमीटर. तो कुत्र्याच्या आतड्यात राहतो, अंडी विष्ठेतून पडतात. माती लागलेले हात, न धुतलेली भाजी, दूषित पाणी यांतून ती आपल्या पोटात जातात आणि यकृतात किंवा फुप्फुसात वर्षानुवर्षं गाठ वाढते. केसाचा दोष एवढाच की त्याला अंडी चिकटलेली असू शकतात.

पण कुत्र्याला कृमी होतो कुठून? आपणच देतो. जत्रेला, सणाला बकरं कापलं की पाण्याचे फोड, म्हणजे याच कृमीच्या गाठी, असलेली कलेजी नि फोपसं आपण ‘खराब’ म्हणून त्याच्यापुढे टाकतो. असा टाकाऊ भाग अर्धा-पाऊण तास उकळा किंवा कुत्रं उकरणार नाही इतका खोल पुरा.

कुत्र्याला प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध द्या, दर किलो वजनाला 5 मिलिग्रॅम. धोक्याच्या भागात दर 6 आठवड्यांनी. नुसतं पायरँटेल या दुसऱ्या जंताच्या औषधाचं सिरप इथे निरुपयोगी. औषधाने कृमी मरतात, अंडी नाहीत. म्हणून पुढचे दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवा, विष्ठा हातमोजे घालून पुरा.

माणसाला गाठ निघाली तर चोळणं, मालिश नको. फुटली तर जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते.