मॅकवरील विंडोज (आभासी यंत्र)

ॲपलच्या मॅक संगणकावर मॅकओएस चालू असतानाच तिच्या आत, एका खिडकीत, मायक्रोसॉफ्टची विंडोज प्रणाली चालवण्याची पद्धत. पॅरालल्स डेस्कटॉप, व्हीएमवेअर फ्यूजन, यूटीएम ही त्यासाठीची परिचित सॉफ्टवेअर. ती मॅकचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांतला काही हिस्सा बाजूला काढून एक आभासी संगणक उभा करतात. विंडोजला तो खराच वाटतो. बाहेरच्या प्रणालीला ‘होस्ट’ आणि आतलीला ‘गेस्ट’ म्हणतात. कोल्हापुरात अनोळखी माणसालाही ‘पावणं’ म्हणून हाक मारतात, पण हा पावणा जेवून निघून जाणारा नाही. मेमरीत वाटा घेऊन राहणारा तो पोटभाडेकरू आहे.

कोल्हापुरात या पद्धतीची गरज पडते ती कामाच्या सॉफ्टवेअरमुळे. हिशेबाचे टॅली विंडोजवरच चालते. फौंड्री आणि मशीन शॉपच्या कामात लागणारे ड्रॉइंगचे सॉलिडवर्क्सही तसेच. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कारखाना असलेल्याने हौसेने मॅकबुक घेतले, तरी हिशेब आणि ड्रॉइंग विंडोजमध्येच अडकलेले असते. फ्लेक्स बोर्डवाल्यांचे त्या मानाने बरे आहे, कारण त्यांचे डिझाइनचे कोरलड्रॉ २०१९ साली मॅकवर परत आले.

ही खटपट जुनी आहे. १९९७ साली कनेक्टिक्स कंपनीने मॅकसाठी व्हर्च्युअल पीसी आणले. तेव्हाच्या मॅकमध्ये पॉवरपीसी प्रोसेसर असे, त्यामुळे इंटेलसाठी लिहिलेल्या सूचना भाषांतरित करून चालवाव्या लागत आणि काम रखडत होई. २००६ साली इंटेल प्रोसेसरचे मॅक आले आणि हा अडसर गेला. त्याच वर्षी पॅरालल्स आणि ॲपलचे बूट कॅम्प आले, पुढच्या वर्षी फ्यूजन. बूट कॅम्प मात्र आभासी यंत्र नव्हे. त्यात संगणक पुन्हा सुरू करून थेट विंडोजमध्ये जावे लागे. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने इंटेलहून वेगळ्या, आर्म पद्धतीची एम१ चिप आणली. या नव्या मॅकवर बूट कॅम्प चालत नाही, म्हणून आता आर्मसाठीची विंडोज ११ आभासी यंत्रात बसवतात. पॅरालल्समधील अशा वापराला मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकृत मान्यता दिली. फ्यूजन २०२४ पासून फुकट आहे. विंडोजचा परवाना मात्र वेगळा घ्यावा लागतो.

आर्म मॅकवर आर्म विंडोज वेगाने चालते. तिच्यात इंटेलसाठी बनवलेला प्रोग्राम उघडला की त्याचे भाषांतर विंडोज स्वतःच करते, आणि हिशेबाच्या कामात ते फारसे जाणवत नाही. खरी मेख ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटरसारखे उपकरण विंडोजला ओळखायला लावणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये आहे. ड्रायव्हरचे असे भाषांतर होत नाही. तो आर्मसाठीच लिहिलेला असावा लागतो. त्यामुळे जुने डीटीपी सॉफ्टवेअर बसते, पण त्याचा यूएसबी डोंगल (परवान्याची खूण म्हणून जोडायचा तुकडा) ओळखला जात नाही. टॅलीत बिल तयार होते, पण जुन्या प्रिंटरवर निघत नाही. ‘मॅकवर टॅली चालेल का?’ असे सगळे विचारतात. विचारायला हवे ते डोंगल आणि प्रिंटर यांच्या आर्म ड्रायव्हरबद्दल, आणि तेही पैसे मोजण्याआधी.

दुसरी अडचण बोटांची. टॅलीवर हात बसलेला माणूस माउसला क्वचितच हात लावतो: तारखेसाठी एफ२, विक्रीसाठी एफ८, खरेदीसाठी एफ९. मॅकबुकवर याच कळा मूळ मांडणीत वेगळी कामे करतात. जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र भरायची ११ तारीख तोंडावर आलेली असते, कारकून सवयीने एफ२ दाबतो आणि पडदा उजळतो. एफ८ दाबतो आणि गाणे सुरू होते. एफएन कळ दाबून धरली, किंवा सेटिंगमध्ये या कळा नेहमीच्या फंक्शन कळा म्हणून ठरवल्या, की हे थांबते. मॅकबुकला आकड्यांचा वेगळा पॅड नसतो, त्याला मात्र सेटिंग नाही. तो विकत आणून जोडावा लागतो.

मेमरीत काटकसर महागात पडते. विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी जागा लागते. ८ जीबीच्या मॅकमधून ४ जीबी काढून दिली की दोन्ही प्रणाली अर्धपोटी राहतात. आर्म मॅकमध्ये मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणून १६ जीबी घेतलेली बरी.

आभासी यंत्राची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणारा ‘स्नॅपशॉट’ त्याच डिस्कवर असतो. तो बॅकअप नव्हे. टॅलीचा डेटा रोज पेनड्राइव्हवर वेगळा घ्यावा. मॅकचे झाकण मिटले की आतली विंडोजही असेल तिथे थिजते. एकट्याच्या कामाला हे सोयीचे आहे. पण टॅलीचा डेटा तिच्यात ठेवून शेजारच्या टेबलावरचा कारकून नेटवर्कवरून नोंदी घालत असेल, तर मालक झाकण मिटून जेवायला गेला की त्याचेही काम तिथेच थांबते.